‘मांजर घराला धरून असते’

गेल्या कोजागिरीला येथील दहाबारा मराठी कुटुंबे कँप-१ मधील आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर जमली होती. दूध आटत होते, धुरकट आभाळातून चंद्र सावकाश वर सरकत होता, आणि परमुलखात नोकरी करणाऱ्यांचे बोलणे नेहमी वळते त्याप्रमाणे मंडळींचे बोलणे बदल्यांकडे वळले होते. आमच्यापैकी एका अधिकाऱ्यांना त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला होता. सामान किती, ट्रक कोणाचा, मुलांच्या शाळेचे काय, ही सगळी चौकशी रीतसर झाली. मग कोणा वहिनींनी सहज विचारले, “आणि तुमच्या मनीचे काय करणार?” पेल्यातील दुधावर फुंकर घालीत ते गृहस्थ म्हणाले, “तिचे काय व्हायचे आहे? राहील इथेच. कुत्रे माणसाला धरून असते, मांजर घराला धरून असते.” सर्वांनी माना डोलावल्या. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही डोलावली.

हा लेख त्या डोलावलेल्या मानेचे प्रायश्चित्त समजावा. ‘मांजर घराला धरून असते’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो आणि त्यात शहाणपण आहे असे मानीत आलो आहो. आता आमचे मत असे झाले आहे की, मांजराच्या बाबतीत आपण सुशिक्षित माणसे जो आळस करतो, त्या सर्व आळसावर पांघरण्यासाठी हे एक वाक्य आपण जपून ठेवलेले आहे. मांजर घराचे आहे, आपले नव्हे, असे एकदा ठरले की दोन मार्ग मोकळे होतात. एक, खिडकी उघडी टाकून तिला विसरावे. दुसरा, खिडकी बंद करून तिला विसरावे. पहिल्या मार्गाला आपण ‘स्वातंत्र्य’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘काळजी’. विसरणे मात्र दोहोंतही आहे.

प्रथम आम्ही राहतो ती जागा कशी आहे ते सांगितले पाहिजे, कारण ज्या वाचकांच्या वाट्याला भिलाई आली नाही त्यांच्या डोळ्यांपुढे रुंद रस्त्यांचे, झाडांच्या रांगांचे, सेक्टरासेक्टरांनी आखलेले कारखान्याचे नगर उभे राहील. कँप-१ तसे नाही. १९५५ साली सोव्हिएत देशाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि मधल्या वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून जी माणसे कारखाना उभारावयास आली त्यांच्यासाठी छावण्या पडल्या. त्या छावण्यांची ही नावे. काम झाले की छावणी उठावयाची असते. ही उठली नाही. तेलुगू, ओडिया, बंगाली, पंजाबी, मल्याळी, भोजपुरी आणि छत्तीसगढी बोलणारी माणसे येथेच राहिली, त्यांची नातवंडे येथेच शाळेत जाऊ लागली, घराला घर चिकटत गेले, गल्ली अरुंद होत गेली. नाव तेवढे तात्पुरते उरले. सहासात दशके टिकलेल्या वस्तीला अजून ‘कँप’ म्हणतात याची येथे कोणालाच मौज वाटत नाही. आम्हांला वाटते, कारण या वस्तीत खरोखर छावणी टाकून राहणारा एकच वर्ग उरला आहे आणि तो म्हणजे आम्ही, तीन वर्षांसाठी आलेले अधिकारी. भिंतीला खिळा मारताना आम्ही विचार करतो की, कशाला, दोन वर्षे तर राहिली! आणि याच हिशेबात आम्ही मांजरही पाळतो.

आमच्या घरातील हकीकत आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस किती आहे ते वाचकच ठरवतील. येथे आल्यावर आमच्याकडे जी पहिली मांजरी आली तिच्यासाठी आम्ही स्वयंपाकघराची खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवीत असू. ती खापरांवरून, पत्र्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून हिंडे, पहाटे येऊन पायांशी झोपे. तिचा हा संचार पाहून आम्हांला मोठे कौतुक वाटे. कचेरीत ज्यांचा प्रत्येक क्षण वरिष्ठांच्या घंटीला बांधलेला असतो त्यांना घरात एक तरी स्वतंत्र जीव असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. आठव्या महिन्यात एका सकाळी शेजारच्या छत्तीसगढी बाई दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ये बिलई तुंहर हे का, साहेब?” रस्त्याच्या कडेला ती पडली होती. कोणते वाहन, कोणत्या वेळी, काही कळले नाही. बाईंनी तिच्यावर आपल्या पदरचे एक जुने फडके घातले होते. त्या फडक्याची आठवण आम्हांला अजून टोचते; कारण आम्ही झोपेत होतो तेव्हा ज्यांचे ते मांजर नव्हते त्यांनी ते झाकले.

दुसऱ्या वेळी आम्ही उलटे टोक गाठले. खिडक्या बंद, दारे बंद. जे पिल्लू आणले ते दोन खोल्यांत वाढले. ते मेले नाही, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल. दुपारभर ते काचेशी बसे, बाहेर चिमणी दिसली की त्याचा जबडा थरथरे आणि घशातून एक चमत्कारिक कटकट आवाज निघे. मग ते उठून आपलीच शेपटी चावी. ते लठ्ठ झाले, पडदे फाडू लागले, पाहुण्यांच्या चपलांवर मुतू लागले. “फार द्वाड झाला आहे तुमचा बोका,” लोक म्हणत. द्वाड! चौदा तास बंद खोलीत काढून ज्याला संध्याकाळी आमचे थकलेले तोंड पाहावयाचे, त्याने आणखी काय करावे?

आता स्वातंत्र्यवाद्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे असे की, मांजर हा मुळात रानचा जीव. त्याला हिंडू दिले पाहिजे. मेले तर मेले, निदान जगले तरी मांजरासारखे. हे ऐकावयास भारदस्त वाटते. परंतु मांजर रानातून आपल्याकडे कसे आले हे पाहिले तर या म्हणण्यातील पोकळपणा दिसतो. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या बेटावर रानमांजरे मुळात नव्हती. कोणी तरी होडीत घालून ते नेले होते. धान्याच्या कणग्या, कणग्यांभोवती उंदीर, उंदरांमागे मांजर, असा तो व्यवहार होता, आणि वाड्यांतून, माजघरांतून, परसांतून तो आपल्याकडेही कालपरवापर्यंत चालला. त्या मांजराला बाहेर जाण्याची मुभा होती, कारण बाहेर म्हणजे परसू होते, गोठा होता, शिडीवरून जाता येईल असा माळा होता. आज बाहेर म्हणजे काय? कँप-१ च्या गल्लीत बाहेर म्हणजे दुचाक्या, मालगाड्या, उघडी गटारे, कुत्र्यांच्या टोळ्या, उंदरांसाठी ठेवलेले विषारी पीठ आणि ते खाऊन धडपडणारा उंदीर, संक्रांतीच्या सुमारास पत्र्यांवर अडकून राहिलेला नायलॉनचा मांजा, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापलेला तो पत्रा. शब्द तोच राहिला, जागा बदलली. आजोबांच्या परसाचे नाव घेऊन मांजराला हमरस्त्यावर सोडणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि मांजराचे सुटे हिंडणे मांजरापुरतेच राहते असेही नाही. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात, वाकडी गावी एक मांजर शेणकाल्याने भरलेल्या पडीक विहिरीत पडले. त्याला काढावयास एक उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. विहिरीतील विषारी वायूने पाच माणसे गेली. या प्रसंगावर टीका करण्याची आमची छाती नाही. मुक्या जिवासाठी विहिरीत उतरणाऱ्यांपुढे मान लववावी. परंतु उघडी विहीर आणि मोकळे मांजर या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या की त्यांची किंमत केवढी होऊ शकते हे त्या गावाने भोगले आहे. नागपूरकर वाचकांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. २०२५ च्या आरंभी छिंदवाड्यात पाळीव मांजरांत पक्ष्यांच्या तापाचा विषाणू आढळला. त्याच्या थोडेच आधी नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले होते. कोंबड्यांच्या दुकानामागे टाकलेली आतडी कोणाचे मांजर खाते आणि कोणाच्या अंथरुणात येऊन झोपते याचा विचार आपण करतो काय?

पाखरांविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१३ साली असा अंदाज प्रसिद्ध केला की त्या देशात मोकळी मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यांतील मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, असे सांगून आमचे स्वातंत्र्यवादी मित्र सुटू पाहतात. तर मग बेवारस मांजरे येतात कोठून? आभाळातून पडत नाहीत. कोणी तरी “राहील इथेच” म्हणून ट्रकमध्ये बसतो, तेव्हा त्या मांजरीपासून एक बेवारस वंश सुरू होतो. तिची शस्त्रक्रिया झालेली नसेल तर वर्षाला दोनतीन वेत सहज होतात. जर्मनीतील वाल्डॉर्फ या गावी २०२२ साली एका जातीच्या चंडोलांसाठी घरोघरची मांजरे उन्हाळाभर घरात ठेवण्याचा सरकारी हुकूम निघाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत त्याच वर्षीच्या जुलैपासून नव्याने जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या हद्दीतच ठेवण्याचा कायदा लागू झाला. आपल्याकडे असे हुकूम निघाले तर आपण प्रथम त्यांची टिंगल करू, आणि मग त्यांतून पळवाट शोधू. सरकारी नोकरांना पळवाटा कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

एवढे वाचून कोंडणारे गृहस्थ खुश झाले असतील. त्यांनी फार खुश होऊ नये.

भिलाईला येणारा प्रत्येक पाहुणा मैत्रीबागेत जातो. १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे चिन्ह म्हणून उभारलेली ही बाग पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे कठड्याशी उभे राहून आपण मुलांना दाखवतो: पाहा, वाघाला हिंडावयाला जागा आहे, झाड आहे, पाणी आहे, सावली आहे. एखादा वाघ कुंपणाशी त्याच त्या वाटेने येरझारा घालू लागला तर आपण हळहळतोही. आणि त्या वाघाची मावशी घरी न्हाणीघरात कोंडून आपण बागेत आलेलो असतो! वाघाला जे लागते ते मांजराला लहान मापात लागते. उंचावर बसून खाली पाहावयाचे, नखे घासावयाची, दबा धरावयाचा, वाऱ्यातला वास घ्यावयाचा, उन्हात पडावयाचे, पहाटे आणि तिन्हीसांजेला अंगात येणारे वारे कोठे तरी धावून खर्चावयाचे. मांजर दिवसाचे बारा-चौदा तास झोपते म्हणून त्याला जागा लागत नाही असे मानणे म्हणजे कारकून आठ तास खुर्चीवर बसतो म्हणून त्याला पाय लागत नाहीत असे मानण्यासारखे आहे.

कोंडण्याला प्रेमाचे नाव दिले की त्याला अंतच राहत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसर भागातील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे आढळली. शेजारी दुर्गंधीने हैराण झाले, महापालिकेला मध्ये पडावे लागले. प्रेम नसेल असे कोण म्हणेल? तीनशे जिवांना रोज खाऊ घालणे हे तिरस्काराचे काम नव्हे. पण प्रेमाला खिडकी नसली म्हणजे त्याचे काय होते ते तेथे दिसले. त्याच पुण्यात महापालिकेने २०२२ साली कुत्र्यांप्रमाणे मांजरांसाठीही परवान्याची तरतूद केली, तेव्हा तिची मनसोक्त चेष्टा झाली होती. मांजराला मालक असतो, एवढी साधी गोष्ट कागदावर आल्याबरोबर आपल्याला हसू का यावे?

येथे उंच इमारतींत राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट घाईत सांगून टाकतो. मांजर कितीही उंचावरून पडले तरी चारी पायांवर पडते, या समजुतीवर विसंबून सातव्या मजल्याचा सज्जा उघडा ठेवू नये. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील दहांपैकी नऊ उपचारांनी वाचली, हे सर्वजण आनंदाने सांगतात. पण ती मोजली गेली रुग्णालयात आणलेल्यांतून. जी खालीच राहिली त्यांना रुग्णालयात कोण आणणार?

सर्वांत अवघड आक्षेप अजून राहिला आहे आणि तो आमच्या घरातूनच आला. कँप-१ मध्ये एकेका खोलीत सहासहा माणसे राहतात. तेथे मांजराच्या सज्ज्याची चर्चा करणे शोभते काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे आम्हांला बरे वाटत नाही. शोभते किंवा नाही हे आम्ही आमच्या शेजाऱ्यांना पाहून ठरवले. आमच्या गल्लीतील बंगाली आजी षष्ठीदेवीचे वाहन म्हणून मांजराला कधी हाकलीत नाहीत. मासळी आली की डोकी बाजूला ठेवतात. पलीकडचे तेलुगू कुटुंब दारच्या मांजरीला रोज वाटीभर ताकभात देते. ही माणसे मांजर पाळीत नाहीत, आणि ‘आमचे’ म्हणतही नाहीत. गल्लीतला जीव गल्लीत जगतो, त्याला ती आपल्या घासातला घास देतात. त्यांच्याकडून आणखी काय मागावे? आम्ही मात्र मांजर विकत किंवा मागून आणतो, त्याला नाव देतो, त्याचे फोटो महाराष्ट्रातील नातलगांना पाठवतो, आणि मग त्याला ज्यांच्या पत्र्यावर, ज्यांच्या दुधाच्या पातेल्यावर, ज्यांच्या खुराड्यातील पिलांवर सोडतो ते लोक आमच्याहून गरीब असतात. आमच्या मांजराच्या स्वातंत्र्याचा खर्च शेजारी भरतो. सज्ज्याची चर्चा शोभत नसेल, तर हा खर्च दुसऱ्यावर टाकणे तरी शोभते काय?

आपल्या धर्मभीरू समाजाने मांजराचे मोल कधी केलेच नाही असे नव्हे. हिंदी प्रदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांनी शाळेत भगवतीचरण वर्मांची ‘प्रायश्चित्त’ ही कथा वाचली असेल. सुनेच्या हातून मांजर मेले म्हणून पंडित सोन्याच्या मांजराचे वजन ठरवीत बसतो, घासाघीस चालते, आणि तेवढ्यात मेलेले मांजर उठून चालते होते. कथा विनोदी आहे, पण तिच्यात बोचणारी गोष्ट अशी की मेलेल्या मांजरासाठी तोळ्यांचा हिशेब मांडणारे घर जिवंत मांजरासाठी दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवण्यापलीकडे काही करीत नाही. आणि कायद्याची स्थिती त्या पंडिताच्या उलट आहे! प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, ज्याच्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती, दोन्ही अपराध ओळखतो: हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून जाणे. पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये. सोन्याचे मांजर राहू द्या, पन्नास रुपयांत आज मातीचेही धड मिळत नाही. दंड कमी आहे म्हणून अपराध लहान ठरत नाही, हे फाइलींवर शेरे मारणाऱ्या वर्गाला निराळे सांगावयास नको.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या तिसऱ्या मांजरीसाठी आम्ही केले ते सांगतो. ते कोणालाही करता येण्यासारखे आहे. घराच्या मागच्या बाजूला चार फूट रुंदीची एक पडवी होती. तिला लोखंडी चौकट बसवून तिन्ही बाजूंनी आणि वरूनही जाळी लावली. वरून लावणे विसरू नये. मांजर सहा फूट सहज चढते आणि बाहेरचा बोका तितक्याच सहज उतरतो. जाळीची भोके इंचाहून मोठी नाहीत. दारे दोन, एकामागे एक, म्हणजे पहिले लावल्यावाचून दुसरे उघडावयाचे नाही. बँकेच्या तिजोरीचा हा नियम आमच्या एका स्नेह्यांनी सुचवला. आत उंचावर दोन फळ्या, काथ्या गुंडाळलेला एक सागाचा ओंडका, मातीचा एक खोका, पाण्याचे पसरट भांडे आणि कुंडीत दूर्वा. मांजर दूर्वा खाते, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी पाहावे. गणपतीने रागावण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात पश्चिमेला वाळ्याचा पडदा. लिलीची फुले मात्र चुकूनही ठेवू नयेत, ती मांजराला प्राणघातक असतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती हवे तेव्हा पडवीत जाते, हवे तेव्हा आत येते. दिवेलागणीला भांडे वाजवले की जेवावयास येते आणि मग रात्री ती खिडकी बंद. पाचव्या-सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया करून घेतली, वेडाच्या रोगाची लस दरवर्षी टोचतो. सुटीच्या दिवशी छातीपट्टा बांधून तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेतो. पहिले काही दिवस पोरे मागे धावत; आता फक्त म्हणतात, “बिलई आ गई.” एवढेच. तिची शेपटी ताठ असते आणि ती कोणाला चावत नाही, स्वतःलाही नाही.

“भाड्याच्या घरात हे कोण करू देईल?” असे विचारणाऱ्यांनी एकदा विचारून तरी पाहावे. आमच्या घरमालकांनी दोन प्रश्न केले: भिंत फोडणार काय, आणि जाताना काढणार काय. भिंत फोडली नाही. चौकट जमिनीवर उभी आहे आणि नटबोल्टांनी जोडलेली आहे. खर्चाचे म्हणाल तर एका दिवाळीच्या खरेदीत आम्ही याहून अधिक उधळतो. आणि ज्या गावाने देशभराच्या आगगाड्यांना रूळ पुरवले, ज्याच्या कारखान्यात तारेच्या सळ्या ओढल्या जातात, जेथे दर दुसऱ्या गल्लीत वेल्डिंगचे दुकान आहे, त्या गावी राहून “जाळी कोठे मिळणार?” असे एका अधिकाऱ्यांनी आम्हांस विचारले, तेव्हा काय उत्तर द्यावे ते आम्हांला सुचले नाही.

खरी अडचण जाळीची नाहीच. आपल्याला येथे काहीच बांधावयाचे नसते, कारण आपण येथले नाही असे आपण ठरवून ठेवलेले असते. तीन वर्षे, मग दुसरे गाव, मग तिसरे. निवृत्तीनंतर पुणे किंवा नागपूर, आणि मग तेथे सगळे नीट करावयाचे. पण मांजराचे आयुष्य बारा-पंधरा वर्षांचे. आपल्या चारपाच बदल्यांत ते संपते. त्याला निवृत्तीनंतरचा बंगला नाही. त्याला जे मिळावयाचे ते याच भाड्याच्या घरात, याच पडवीत.

मांजर घराला धरून असते, हे खरे तरी आहे काय? आपल्याच बायकांना विचारा. त्या सांगतील की मांजरी आपल्या पिलांना सात घरे फिरवते. जागा धोक्याची वाटली, कोणी फार वाकून पाहिले, बोक्याचा वास आला, की ती पिलाची मान तोंडात धरते आणि उठते. तीन पिले असतील तर तीन खेपा घालते. वैष्णव आचार्यांनी यावरूनच मार्जारकिशोरन्याय सांगितला: माकडाचे पोर आईला धरते, मांजरीचे पोर काहीच करीत नाही, आईच त्याला उचलते. धरून ठेवण्याचे काम कोणाचे, याविषयी मांजरीच्या मनात तिळमात्र संशय नाही. आमचे मित्र मात्र चौदा खोकी, दोन कपाटे, शिवणयंत्र आणि कुंड्यांसह तुळस ट्रकमध्ये चढवून निघून गेले.

त्यानंतर मनी पंधरा दिवस त्या कुलूपबंद घराच्या पायरीवर बसत होती. पाहणारे म्हणत, “पाहा, घराला धरून बसली आहे.” आम्ही जवळ गेलो तेव्हा ती घराकडे पाठ करून, ट्रक ज्या वळणाने गेला त्या वळणाकडे तोंड करून बसलेली होती. पुढे नवे भाडेकरू आले, त्यांचा कुत्रा आला, आणि एका कानाची कड गमावून मनी आमच्या गल्लीत आली. आता पडवीत दोघी आहेत. एक फळी आणखी ठोकावी लागली. पहिला महिना दोघींनी एकमेकींवर फिस्कारण्यात घालवला, आता उन्हाच्या एकाच तुकड्यात झोपतात.

परवा त्या मित्रांचा नव्या गावाहून फोन आला. मुले रोज मनीची चौकशी करतात, ती कशी आहे, असे त्यांनी जरा अडखळतच विचारले. आम्ही म्हणालो, बरी आहे. आगगाडीने नेता येते, पहिल्या वर्गाचा कूपे पुरा राखून ठेवला तर सोबत, नाहीतर ब्रेकच्या डब्यातून. मार्चच्या आत यावे, पुढे ऊन फार होते. त्यांच्या नव्या घराला मागे पडवी आहे असे समजले. म्हणून चौकटीची मापे त्याच रात्री लिहून पाठवली: लांबी नऊ फूट, रुंदी चार, उंची सात, दारे दोन, नटबोल्ट छत्तीस.